अक्काची जागा

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध छायाचित्रकार राहत असे. रोलच्या कॅमेऱ्याचे दिवस होते ते. सारा गाव त्यांना तात्या म्हणे. त्यांच्याकडे भैरू नावाचा एक तरुण काम शिकत होता. भैरूची शाळा चौथीतच सुटली होती. हात चपळ, पण धीर म्हणून नाही. आईवडिलांच्या मागे त्याला वाढवलं ते मोठ्या बहिणीने, अक्काने. ती गावच्या ग्रंथालयात कामाला होती आणि तिच्याकडे एक साधा कॅमेरा होता.

अक्का तापाने गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो लावून हार घालायचा, ही घरची रीत. आणि भैरूजवळ अक्काचा एकही फोटो नव्हता. कधीकाळी रोलभर काढले होते. ती गेली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने तिला नवी साडी नेसायला लावून छत्तीसच्या छत्तीस फोटो तिचेच काढले, आणि कसे आलेत ते बघायच्या घाईत, रोल गुंडाळण्याआधीच, कॅमेऱ्याचं झाकण भर उन्हात उघडलं. उजेड लागून सगळा रोल वाया गेला. अक्का पोट धरून हसली. "असू दे रे, दिवाळीला परत काढू," म्हणाली. ती दिवाळी तिने पाहिली नाही.

श्राद्ध आठ दिवसांवर आलं. तिच्या साड्या आत्याला द्यायला म्हणून भैरूने काढल्या, तर तळाशी एका खोक्यात पाकीट सापडलं. आत अक्काने काढलेले जुने फोटो, निगेटिव्हसुद्धा. पण फोटोंत माणूसच नव्हतं. भैरूची लहानपणची ज्वारीच्या धाटाची बैलगाडी, मातीचा घोडा, पुस्तकं, तीही उलटी, एस.टी.च्या खिडकीतून दिसणारा घाट, एक धरण, कुठल्याशा गावची कमान. फक्त एका फोटोत, ग्रंथालयातल्या कपाटाच्या काचेवर, तांदळाच्या दाण्याएवढा तिचा चेहरा उमटला होता.

तीन दिवस भैरू तात्यांच्या डार्करूममधून हलला नाही; निगेटिव्हवरून तो चेहरा मोठा करत राहिला. दाण्याचं बोर केलं, बोराचं लिंबू, लिंबाचा नारळ. शेवटी कागदावर नुसते करडे ठिपके उरले.

तेव्हा तो बाहेर आला आणि सगळे फोटो तात्यांपुढे आपटले.

"जाळून टाकतो हे! सगळं जग काढलं बाईनं, स्वतःचं नाक तेवढं नाही काढलं. आणि पुस्तक तरी सरळ धरावं! शिकलेली होती ना?"

तात्यांनी बैलगाडीचा फोटो उचलला, भिंतीला टेकवून जमिनीवर उभा केला, आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस कुरकुरत्या गुडघ्यांनिशी फरशीवर सरळ पालथा पडला.

"तात्या! काय झालं?"

"काही झालं नाही. ये, झोप शेजारी."

"थट्टा करता माझी?"

"झोप म्हणतो ना गाढवा! मला उठवायला परत तूच लागणार आहेस."

भैरू पालथा झाला.

"आता कामाचं सांग. हा काढला तेव्हा कॅमेरा कुठं होता?"

हे ओळखायला त्याला तात्यांनीच शिकवलं होतं. गाडीचं चाक उंच दिसत होतं, चाकामागे आभाळ. "जमिनीपासून चार बोटं," तो म्हणाला.

"मग अक्का कुठं होती?"

भैरू हळूच म्हणाला, "पालथी. अंगणात. मी विचारलं होतं, अक्का, मुंगीला माझी गाडी केवढी दिसत असंल? तर बघते म्हणून मातीत आडवीच पडली. मग साडी धुताना मलाच शिव्या."

"ही एस.टी.ची खिडकी. कडेला गजावर हे काय?"

"माझं कोपर."

"म्हणजे खिडकीची जागा कोणाची?"

"माझी. दर वेळी."

"आणि पुस्तक?"

भैरूने तो फोटो हातात घेतला.

"मला वाचायला धड यायचं नाही, तात्या. ती वाचून दाखवायची. समोर बसायची. मला चित्रं सरळ दिसावीत म्हणून पुस्तक माझ्याकडं करून ठेवायची, अन् स्वतः..." त्याला रडू फुटलं. "स्वतः उलटं वाचायची. सगळी पुस्तकं उलटी वाचली हो तिनं."

तात्या भिंतीचा आधार घेत उठून बसले. त्यांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "बाळा, समोर काय होतं ते फोटो सांगतो, तसं बघणारा कुठं होता तेही सांगतो. तू तीन दिवस तिला काचेत शोधलंस. ती कॅमेऱ्याच्या अलीकडं होती, प्रत्येक फोटोत, आणि दर वेळी चांगली जागा तुला देऊन उरलेली तिनं घेतली होती. चेहरे पुसट होतात रे. माझ्याही माणसांचे झाले. पण आपल्यासाठी कोण कुठं बसलं होतं, हे कळलं की ते माणूस सापडतं."

"आणि तो रोल?"

"तो गेला. तुझ्या हातून गेला. त्यावर माझ्याकडं औषध नाही. पण ती हसली होती ना? तिनं हसून सोडून दिलं, ते तू उराशी धरून बसू नकोस. चल, दे हात."

श्राद्धाच्या सकाळी भैरूने उलट्या पुस्तकाचा फोटो चौकटीत बसवून भिंतीवर लावला. आत्या हार घेऊन पुढे आली आणि थबकली.

"अरे मेल्या, हे काय लावलंस? पुस्तकाला हार घालू? अन् तेही उलटं! यात माझी पोर कुठाय?"

"तू उभी आहेस ना आत्या, तिथं," भैरू म्हणाला. "तिथनंच बघत होती ती. समोर मी होतो."

आत्याने फोटोकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. आणि पदर सावरून ती अलगद एक पाऊल बाजूला सरकली.