अजून किती दिवस?

पूर्वी सुवेणी नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गवत विकणाऱ्याच्या घरी जन्मला. नाव पिंगल. अंगावर शुभलक्षणे म्हणाल तर एकही नव्हते. खोड मात्र एक होती. कोणी 'गवत दे' म्हटले की हा लगेच देत नसे. आधी विचारी, "कोणाला? गाय का बैल? व्यालेली आहे का? दात शाबूत आहेत ना?" गिऱ्हाईक वैतागे. पण त्याच्या गवताने नगरातल्या एकाही जनावराचे पोट कधी फुगले नाही.

राजवाड्यातली रीत नेमकी याच्या उलट. राजाने विचारले की उत्तर द्यायचे; राजाला उलट काही विचारायचे नाही. विचारलेच, तर गाढवावरून धिंड. ही रीत राजाच्या पणजोबांनी घातली होती. त्यांना ऐकू येत नसे, आणि लोकांचे उलटे प्रश्न ऐकू आले नाहीत की ते चिडत. पुढे पणजोबा गेले, त्यांचे कान गेले, रीत तेवढी राहिली.

एके सकाळी राजा पेला हातात घेऊन सज्जात उभा होता. खाली अंगणात महागिरी हत्ती उभ्याउभ्या पेंगत होता. वय एकोणसत्तर. राजाने तोंड वाकडे केले, एक सुस्कारा टाकला आणि म्हणाला, "अजून किती दिवस?"

मागे अमात्य पूर्णक उभा होता. राजाची नजर जिकडे होती तिकडे त्याने पाहिले. तिकडे हत्ती होता. उलट विचारायची सोय नव्हतीच.

"लवकरच, महाराज," तो म्हणाला.

"बरे होईल," राजा म्हणाला.

झाले! जिना उतरेपर्यंत त्या तीन शब्दांना शेपूट फुटले. सेनापतीने ठरवले की राजाला शांततेचा कंटाळा आला. त्याने तलवारींना धार लावायला घेतली, आणि गर्दीचा फायदा घेऊन बायकांनी आपापल्या विळ्याही लावून घेतल्या. पुरोहिताला वाटले, राजाला मरणाची चाहूल लागली. त्याने चंदन मोजायला घेतले. मुख्य आचाऱ्याला वाटले, रोजची भोपळ्याची भाजी नकोशी झाली. त्याने कोठारातले सगळे भोपळे नदीत फेकले. ते धरून त्या दिवशी अर्धे सुवेणी पोहायला शिकले म्हणतात.

या सगळ्यात हसू न आलेला माणूस एकच. तो म्हणजे माहूत वासभ. अमात्याचा हुकूम त्याच्याकडे आला होता: सूर्य मावळायच्या आत महागिरीला नदीपलीकडच्या रानात सोडून यावे.

वासभ हत्तीच्या पायाला टेकून बसला. महागिरीच्या दाढा झिजल्या होत्या. गवत बारीक चिरून दिले तरच त्याला चावता येत असे. रानात कोण चिरून देणार? "बाळा," तो म्हणाला. बाळ त्याच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे होते. "बाळा, तुला मी उपाशी मारायला नेतोय रे."

त्याने हत्तीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, तेवढ्यात पिंगल भारा घेऊन आला.

"आज गवत नको, पिंगलदादा. आज निरोप." वासभाने हुकूम सांगितला.

"कोणाचा हुकूम?"

"अमात्यांचा. त्यांना राजाने सांगितले."

"राजा काय म्हणाला? अगदी शब्दाला शब्द सांग."

"अजून किती दिवस, असे म्हणाले."

"कशाचे?"

सकाळपासून हा प्रश्न कोणी केलाच नव्हता. "कशाचे म्हणजे... ह्याचेच की! ह्याच्याकडे बघूनच म्हणाले."

"काल मी तुझ्याकडे बघून जांभई दिली. मी तुला गिळायला निघालोय असे वाटले का तुला?"

"पण दादा, राजाला विचारणार कोण? धिंड काढतील!"

"काढू देत. त्या गाढवालाही गवत माझेच लागेल. ऊठ."

दोघे हत्तीला घेऊन सज्जाखाली आले. सूर्य कलला होता. राजा पुन्हा पेला घेऊन बाहेर आला. पिंगलाने हात जोडले.

"महाराज, सकाळी आपण विचारलेत, अजून किती दिवस? तर कशाचे, महाराज?"

राजामागे उभ्या असलेल्या अमात्याने डोळे मिटून घेतले.

"कशाचे म्हणजे?" राजा म्हणाला. "ह्या कडू काडेकिराईताच्या काढ्याचे! खोकल्यावर दिलाय वैद्यांनी, सकाळ-संध्याकाळ. जीभ मेली माझी. लवकरच संपेल असे अमात्य म्हणाले, म्हणून तर आज जरा खुशीत आहे."

वासभ मटकन खाली बसला आणि हसता हसता रडू लागला.

"ह्याला काय झाले? आणि महागिरी माळ घालून कुठे निघालाय?"

पिंगलाने सगळे सांगितले. तलवारी, चंदन, भोपळे ऐकताना राजा असा हसला की ठसका लागला. तोच महागिरीने सोंड उंच केली, राजाच्या हातातला पेला अलगद काढून घेतला आणि काढा तोंडात ओतला. मग त्याने असे तोंड केले, की हत्तीलाही किळस येते हे सुवेणीकरांना त्या दिवशी कळले.

राजाने ती रीत तिथेच मोडली. धार लावलेल्या तलवारी वासभाच्या स्वाधीन झाल्या, आणि पुढे अकरा वर्षे महागिरीचे गवत त्यांनीच बारीक चिरले.

शास्त्याने, म्हणजे भगवंतांनी, ही कथा विहारात सांगितली त्या दिवशी त्याने सकाळी नुसते "निघायचे का?" असे विचारले होते. जायचे होते नदीवर स्नानाला. पण अर्धा संघ बोचकी बांधून वेशीपर्यंत पोचला होता.

"तेव्हाचा अमात्य पूर्णक," शास्ता म्हणाला, "म्हणजे आज सर्वांपुढे धावलेला भिक्खू सुदंत. राजा म्हणजे औषध पाहिले की तोंड फिरवणारे आपले थेर, ज्येष्ठ भिक्खू. महागिरी म्हणजे हा सगळा गोंधळ होत असता झाडाखाली झोपून राहिलेले वृद्ध भंते. वासभ म्हणजे आनंद, आणि गवतवाला पिंगल तो मीच. न कळलेले न लाजता विचारावे, ही प्रज्ञा. दुसऱ्याच्या जिवासाठी भीती गिळून विचारावे, ही करुणा."

मग शास्ता म्हणाला, "तर मग, निघायचे का?"

आनंद अर्धा उठला, थबकला, आणि हात जोडून म्हणाला, "कुठे, भगवन्?"