बाहेरची कडी

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात घरोघरी हातमाग होते. मग एका सावकाराने नदीकाठी मोठी शाळा बांधली. अक्षरांची नव्हे, मागांची. पाणचक्कीवर शंभर माग एकदम चालू लागले. कापड इतकं स्वस्त झालं की घरचे माग चुलीत गेले. आता काम एकाच दारात मिळायचं, आणि त्या दाराला बाहेरून कुलूप असायचं.

आत खडखडाट असा, की वर्षभरात बायकांचे कान जड झाले; माग चालू असले की काहीच ऐकू यायचं नाही. सगळं बोलणं खुणांनी चालायचं. देखरेखीवरच्या मुकादमाबद्दल सांगायचं तर पोटासमोर मोठ्ठा गोल काढायचा. तो काही बोलताना दिसला, की 'हो' म्हणून मान हलवायची. एवढी सवय पुरेशी होती.

शेवटच्या मागावर एक विधवा बसायची. तिची मुलगी नुकतीच कामाला लागली होती. मुलीचे कान अजून शाबूत होते. तिने एकदा विचारलं,

"मुकादमकाका, कडी आतून का नाही हो? काही झालं तर आई कशी बाहेर येईल?"

"आतून लावली तर दर घटकेला गप्पा हाणायला पळाल! बैस गुमान."

एकदा राजा सावकारासोबत पाहणीला आला. माग खडखडतच होते. दारात उभं राहून त्याने विचारलं, "बायांनो, इथे काही जाच नाही ना?"

राजाचे ओठ हलले. शंभर माना हलल्या.

"पाहिलंत महाराज?" सावकार हसला.

मुलीला प्रश्न ऐकू आला होता. तिने तोंड उघडलं. सावकाराने वळून पाहिलं. तिनेही मान हलवली.

चैत्रात चक्कीचा आस घासून तापला आणि ठिणगी कापसात पडली. मुकादमाने तेव्हा मुलीला सगळ्यांसाठी पाणी आणायला बाहेर धाडलं होतं. धूर पाहून ती धावत आली. कुलूप लागलेलं, किल्ली मुकादमाच्या कमरेला, मुकादम बाजारात. तिने दार बडवलं, "आई! आई गं!" आत माग चालूच होते. किल्ली आली तेव्हा दाराजवळच्या बायका बाहेर पडल्या. शेवटच्या मागावरची नाही.

राजा पुन्हा आला. राखेकडे बघत म्हणाला, "मी तर विचारलं होतं."

"माग चालू ठेवून विचारलंत, महाराज. त्यांना ऐकूच येत नव्हतं." मुलगी म्हणाली. "मला येत होतं. मीही मान हलवली."

राजाने कायदा केला: कडी आतून असावी, आणि कामगारांना विचारायचं ते माग थांबवून, मालक समोर नसताना. सावकाराने दंड भरला आणि नवी शाळा बांधली.

मुलगी आता तिथेच विणते. रोज सकाळी आत शिरली, की ती कडी लावून बघते, काढून बघते. कडी अगदी हलकी आहे. एका बोटाने निघते.

तात्पर्य: ज्याला ऐकू येतं त्याने वेळेवर बोलावं, उशिरा आलेला कायदा मागे उरलेल्यांनाच वाचवतो.