घण, कट्यार आणि वझे सर

व्हिडिओ गेमच्या स्पर्धेसाठी कॉलेजचा संघ निवडायचा होता. वझे सरांनी फर्मान काढलं, "गेममधल्या राक्षसाला मारायला घणच हवा. कट्यारवाल्यांनी घरी जावं."

कट्यारीने खेळणाऱ्या इरावतीने विचारलं, "घणच का, सर?"

सर खाकरले. "हे बघ, घणाचा एकच घाव जेव्हा..."

"उगारायला वेळ लागतो ना?"

"लागतो, पण एकदा का तो..."

"आणि उगारताना मध्येच फटका बसला तर?"

"वार फुकट जातो. पण अगं, मला वाक्य तरी पूर्ण करू दे!"

"बघा ना, सर! तुमचा घण अजून हवेतच आहे, आणि माझ्या कट्यारीचे तीन वार झाले. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, हे राक्षसाला कोण शिकवणार?"

"घेतलं तुला," सर म्हणाले.

एवढं छोटं वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं.