रेवणशेटांचा पाइप

घाटमाथ्यावरच्या एका बाजारगावी पूर्वी एक वृद्ध वैद्य राहत असत. नाडी पाहण्यात त्यांचा हात धरणारे आसपास कुणी नव्हते. दुपारी रोग्यांची वर्दळ ओसरली, की हेच वैद्य मागच्या पडवीत बसून तंबाखू ओढायचे लाकडी पाइप कोरीत. स्वतः त्यांनी आयुष्यात कधी तंबाखू ओढली नव्हती. छंद होता, एवढेच. बाभळीच्या बुंध्याची जुनी, वाळलेली गाठ हाती लागली, की त्यांचा दिवस आनंदात जाई. तयार झालेला पाइप ते कुणाला तरी देऊन टाकीत आणि दुसरे लाकूड हाती घेत.

इंदुमती नावाची त्यांची शिष्या त्यांच्याकडे वैद्यक शिकत होती. औषधे कुटता कुटता तिलाही हा नाद लागला. तिच्या हातात मोठी कला होती. लाकडातल्या रेषा जिकडे वळतील तिकडे ती कानस वळवी, आणि ओबडधोबड गाठीतून असा काही घाटदार आकार निघे, की वैद्यही हातातले काम थांबवून पाहत राहत. तिला धास्ती होती ती फक्त गिरमिटाची. पाइपाच्या देठातून बारीक छिद्र पाडीत नेऊन ते तंबाखू भरायच्या वाटीच्या अगदी तळाशी काढायचे असते. हात जरासा चुकला, की लाकूड तडकते आणि सारी मेहनत वाया जाते.

एके दिवशी गावातले मिरचीचे मोठे व्यापारी रेवणशेट वैद्यांकडे आले. त्यांना जुना खोकला होता आणि म्हणून वैद्यांनी त्यांचे तंबाखू ओढणे पूर्ण बंद केले होते. शेटांनी पथ्य काटेकोर पाळले होते.

“खोकला गेला, वैद्यबुवा,” ते म्हणाले. “पण डोकं ताळ्यावर राहत नाही. कुणी काही विचारलं, की तोंडातून भलतंच निघून जातं. परवा थोरल्याला हमालांसमोर नाही नाही ते बोललो. तेव्हापासून तो दुकानाची पायरी चढत नाही.” मग ते संकोचाने म्हणाले, “मला एक पाइप करून द्या. तंबाखू भरणार नाही, शब्द देतो. त्याला भोकसुद्धा पाडू नका, म्हणजे मोहच नको. नुसता दातांत धरायला हवा.”

वैद्य म्हणाले, “इंदू करील.”

इंदुमतीला फार आनंद झाला. छिद्र पाडायचे नाही म्हणजे भीतीचे कारणच उरले नव्हते. तिने ठेवणीतली सर्वांत सुंदर गाठ काढली. वाटी दिसण्यापुरती उथळ कोरली आणि देठ भरीव ठेवला. कित्येक दुपारी ती त्या कामात बुडून गेली. शेवटचे मेण चोळले, तेव्हा लाकडातल्या रेषा वाटीभोवती पाण्यासारख्या वळसा घेताना दिसू लागल्या. एवढे सुंदर काम तिच्या हातून पूर्वी झाले नव्हते.

वैद्यांनी तो पाइप बराच वेळ हातात फिरवून पाहिला. “सुंदर आहे,” ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून क्वचितच येई. मग त्यांनी पाइप शांतपणे लाकडी शिकंज्यात आवळला आणि गिरमिट उचलले.

“गुरुजी, त्यांनी भोक नको म्हटलंय.”

“ऐकलं मी,” वैद्य म्हणाले आणि त्यांनी गिरमिट फिरवायला सुरुवात केली. थोड्याच वेळात बारीकसा आवाज झाला. देठापासून वाटीपर्यंत पाइप उभा तडकला होता.

इंदुमतीच्या डोळ्यांत पाणी आले. वैद्यांनी ते तुकडे जपून बाजूला ठेवले. “हे माझ्यामुळे झालं. तुला आधीच सांगायला हवं होतं. दुसरं लाकूड घे. आधी छिद्र, मग आकार.”

“पण कशासाठी?” तिचा आवाज चढला. “ते तंबाखू भरणार नाहीत. आत डोकावून बघायलाही कुणी जाणार नाही.”

“छिद्र मी पाडतो,” एवढेच वैद्य म्हणाले.

ती रुसून बाजूला बसली, पण नजर तिकडेच होती. वैद्यांनी डोळे मिटून घेतले होते. गिरमिट अगदी सावकाश फिरत होते आणि लाकडाचा आवाज जरा बदलला, की ते हात थांबवीत, भुसा फुंकून काढीत आणि पुन्हा फिरवू लागत. अखेर छिद्र वाटीच्या तळाशी नेमके बाहेर पडले. त्यांनी देठ ओठांना लावून हवा ओढून पाहिली. मनाजोगी वाटेना, म्हणून छिद्र किंचित रुंद केले, पुन्हा ओढून पाहिली. ज्या पाइपात कधी ठिणगीही पडणार नव्हती, त्याच्यासाठी हा वृद्ध माणूस एवढा जीव ओतत होता. पाहता पाहता इंदुमतीचा राग केव्हा मावळला, ते तिला कळलेही नाही. पुढचा आकार तिने मन लावून दिला. हा पाइप पहिल्याइतका देखणा झाला नाही, पण हातात छान बसत होता.

दोघे तो घेऊन शेटांच्या दुकानी गेले. मिरच्यांच्या राशींचा ठसका उठत होता. शेटांनी पाइप घेतला, न पाहताच दातांत धरला, आणि तेवढ्यात त्यांचा थोरला मुलगा दारात येऊन उभा राहिला. तो पायरी चढला नाही. वडिलांकडे न बघता म्हणाला, “आई विचारतेय, जेवायला येणार, की डबा पाठवायचा?”

हमालांचे हात थांबले. शेटांच्या कपाळावर आठी उमटली आणि काही बोलण्याआधी सवयीने त्यांनी पाइप ओढला. पाइप भरीव असेल अशीच त्यांची समजूत होती. पण हवा आत आली, हळूहळू, छाती भरेपर्यंत. त्यांनी चमकून वैद्यांकडे पाहिले, मग डोळे मिटले आणि तो श्वास सोडला. आठी विरली.

“येतो,” ते म्हणाले. “तू बस जरा. बरोबरच जाऊ.”

मुलगा क्षणभर तसाच उभा राहिला. मग चपला काढून आत येऊन बसला.

वैद्य निघाले, तेव्हा शेट हळूच म्हणाले, “भोक पाडलंत की, वैद्यबुवा.”

“तुमच्या शब्दावर माझा भरवसा आहे,” वैद्य म्हणाले.

परतीच्या वाटेवर वैद्यच बोलू लागले. “तंबाखू बंद करताना मला फक्त त्यांची छाती दिसली. पण या माणसाला कुणी काही विचारलं, की तो आधी एक झुरका घेई आणि मग उत्तर देई. तेवढ्यात राग निवत असे. त्या थांबण्यालाच गाव शेटांचा शहाणपणा म्हणत होतं. तंबाखूबरोबर ते थांबणंही मी काढून घेतलं. भरीव लाकूड दिलं असतं, तर ते नुसते चावत बसले असते. घातक होता तो धूर, इंदू. श्वास घातक नव्हता.”



दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे धरलेली एक म्हातारी आली. वैद्यांनी तिला इंदुमतीपुढे बसवले. इंदुमतीने गुडघे तपासले, लेप बांधला, आणि विहिरीवर पाण्याला जाणे आजपासून बंद करा, असे सांगायला तिने तोंड उघडले. पण ती तशीच थांबली.

“आजी,” तिने विचारले, “पाण्याला जाता, तेव्हा सोबत कोणकोण असतं?”

म्हातारीचा चेहरा उजळला आणि ती एकेकीचे नाव घेऊन सांगू लागली. पलीकडे खल करीत बसलेल्या वैद्यांनी बत्ता बाजूला ठेवला आणि तेही ऐकू लागले.