थांबून राहिलेली खेकडीण

मुलांनो, खेकडा कधी उलटा करून पाहिला आहे का? त्याच्या पोटाखाली घडी घातलेली एक झडप असते. नराची झडप अरुंद, निमुळती. मादीची मात्र ताटलीसारखी रुंद, सगळे पोट झाकणारी. अशीच एक खेकडीण डोंगरातल्या ओढ्याकाठी बीळ करून राहत होती. थंडी संपता संपता तिची एका खेकड्याशी जोडी जमली. पण आठच दिवसांत त्याला पाणमांजराने खाल्ले. उन्हाळा लागला, ओढा आटत चालला, तरी खेकडिणीने अंडी घातली नव्हती.

वैशाखात एका दुपारी वळवाची सर आली आणि बिळाशेजारी डबके साचले. शेजारच्या बेडकीने त्यात लगेच अंडी घातली आणि ती खेकडिणीकडे आली. "काय गं, पाणी दारात आलंय. आता कोणाची वाट बघतेस? तुझा तो तर पाणमांजराच्या पोटात गेला."

"त्याने दिलेलं बीज माझ्याजवळ आहे," खेकडीण म्हणाली. "माझ्या अंगात दोन लहान पिशव्या आहेत, त्यांत ते जपलंय. या ओढ्यात दुसरा खेकडा उरला नाही. हे वाया गेलं, तर मला पिल्लं कुठली?"

बेडकी हसली. "बीज म्हणजे काय लोणचं आहे, मुरत ठेवायला?"

रोज असे ऐकून खेकडिणीचाही धीर सुटू लागला. एका संध्याकाळी ती डबक्यापाशी गेली आणि तिने एक पाय पाण्यात बुडवला. पाणी कोमट लागले; असे उथळ पाणी टिकणार नाही, हे तिला कळले. बराच वेळ काठावर बसून ती बिळात परतली. नवव्या दिवशी डबके आटले आणि बेडकीची पिल्ले चिखलात सुकून गेली. बेडकी तिथेच बसून राहिली. खेकडीण तिच्याशेजारी जाऊन बसली.

पुढे ओढा भरून वाहू लागला, पाणी गार झाले. तेव्हा खेकडिणीने जपलेले बीज वापरून अंडी घातली आणि झडपेखालच्या छोट्या केसाळ पायांना ती चिकटवली. बेडकी काळजीने म्हणाली, "पुरात वाहून जातील गं."

"समुद्रातल्या खेकडिणीही अंडी अशीच धरतात," खेकडीण म्हणाली, "पण पिल्लं निघाली की लाटांवर सोडतात. इथं सोडली तर ओढा ती घेऊन जाईल. आमच्या आज्या-पणज्यांत ज्यांनी पिल्लंही पोटाशी धरली, त्यांचाच वंश टिकला. म्हणून तर आम्ही समुद्रापासून इतक्या लांब राहू शकलो."

श्रावणात एका संध्याकाळी ओढ्याला पूर आला. एव्हाना अंड्यांतून पिल्ले निघाली होती. खेकडीण दगडाच्या कपारीत नख्या रोवून, झडप घट्ट मिटून बसली. बेडकी वरच्या खडकावरून तिला हाका मारत होती. पाण्याच्या आवाजात उत्तर ऐकू येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरले, खेकडिणीने झडप उघडली आणि मुगाच्या दाण्याएवढी शंभरेक पिल्ले ओल्या वाळूवरून चालत गेली.

तात्पर्य : दुसरे घाई करतात म्हणून आपण जपलेल्या गोष्टीची वेळ बदलू नये, आणि ज्याची घाई चुकली, त्याला हिणवूही नये.