पांढऱ्या वस्त्राखालचा नगारा

एका राज्यात कायदा पोथीत नव्हता, नगाऱ्यात होता. वेशीच्या बुरुजावर तो नगारा होता आणि रोज सकाळी राजा स्वतःच्या हाताने त्यावर टिपरी टाकी. नाद जिथवर जाई तिथवर चोर चोरी करीत नसत, भांडणारे हात उगारीत नसत आणि उघड्या दारातून शिरलीच तर मांजरे शिरत. राजा वारला की नगाऱ्यावर पांढरे वस्त्र पडे. वारसाने ते उचलून पहिली टिपरी टाकली की पुन्हा सारे सुरळीत. मधला वेळ इतका थोडा असे की त्याची कुणी फिकीर केली नव्हती.

म्हाताऱ्या राजाला एकुलती एक कन्या, वेणुमती. आई तिने पाहिलीच नव्हती. बापानेच तिला मांडीवर घेऊन अंगाई म्हटली होती. राजाने प्राण सोडला तेव्हा त्याचा हात तिच्या हातात होता आणि तो तिला सोडवेना. प्रधान येऊन म्हणाले, "नगारा वाट पाहतो आहे." ती म्हणाली, "हा हात गार होईपर्यंत थांबा." हात केव्हाच गार झाला होता, पण ते सांगायचा धीर कुणाला झाला नाही. ती बसून राहिली, बसून राहिली आणि सूर्य मावळतीला गेला.

इकडे नगरात माणसे सकाळी ओट्यावर गुमान बसून होती. दुपारी कुणीतरी वाण्याच्या दुकानाची फळी काढली. वीज पडली नाही, शिपाईही आला नाही. मग काय विचारता. एकमेकांच्या पंगतीला जेवणारी माणसे एकमेकांचे हंडे उचलू लागली. सोनाराने तेल्याचे बैल सोडून नेले आणि ते दावणीला बांधीपर्यंत त्याच्याच घरातली पितळेची भांडी शेजारणीने लांबवली. जे आडवे आले त्यांच्यावर काठ्या पडल्या. काही घरांतून धूर निघाला, आणि काही माणसे पडली ती पुन्हा उठलीच नाहीत.

दिवेलागणीला वेणुमती बुरुजावर चढली. तिने वस्त्र उचलले, टिपरी टाकली. आवाज झाला नाही. नगाऱ्यातला नाद साळुंकी होऊन केव्हाच उडून गेला होता.

त्या दिवसापासून राज्याला शाप लागला. लुटीच्या दिव्यात वात पेटेना, लुटीच्या हंड्यात पाणी ठरेना, लुटीच्या पलंगावर झोप येईना. तरी वस्तू परत करायला कुणी धजेना, कारण परत करायला जावे तर आपल्या दाराशी कोण थांबणार? जो तो अडसर लावून, काठी घेऊन आत बसला. आज ना उद्या पुन्हा भडका उडणार हे सगळ्यांना दिसत होते. आणि वेणुमतीच्या मनाने असे घेतले की आपण बापासाठी रडलो म्हणून नगर लुटले गेले. तिचे डोळे कोरडे पडले ते पडलेच.

ती साळुंकीला शोधीत निघाली. अरण्यातल्या उंबरावर साळुंकी बसली होती.

"नादा, परत ये," वेणुमती म्हणाली.

"लुटीच्या गावात मी राहत नाही," साळुंकी म्हणाली. "तीन वस्तू ज्यांच्या त्यांना पोचव. पाळणा मांत्रिकाच्या गुहेत आहे. जाते नदीच्या डोहात आहे. तिसरी वस्तू तुझ्या महालात विचार."

गुहेत काळजटी मांत्रिक कुंभाराच्या घरचा पाळणा हलवीत बसला होता. त्या पाळण्याने जेवढ्या अंगाया ऐकल्या होत्या तेवढ्या तो आपणहून गात होता.

"हा परत दे," वेणुमती म्हणाली.

"मला जन्मात कुणी निजवले नाही," मांत्रिक म्हणाला. "पाळणा ने. पण तुझ्या बापाची अंगाई मला दे."

तिने दिली. अंगाई तिच्या मनातून निघून गेली. काहीतरी फार गोड होते एवढेच तिला आठवत राहिले. मांत्रिक दगडावर डोके टेकून झोपी गेला. तिने जाताना त्याच्या अंगावर घोंगडी ओढली आणि पाळणा कुंभाराच्या घरी पोचवला.

डोहात सुसर जात्यावर बसली होती. "हे उचलायला बळ पुरत नाही," ती म्हणाली. "ज्या घरचे जाते, त्या घरच्या भुकेएवढे त्याचे वजन."

वेणुमतीने जाते डोक्यावर घेतले. मान मोडते की काय असे तिला झाले. भर बाजारातून राणी जाते घेऊन चालली आणि बंद दारांच्या फटीतून सारे नगर पाहत राहिले. एका लेकुरवाळ्या विधवेच्या दारात पाऊल पडताच जाते हलके झाले. दुसऱ्या दिवशी सोनार बैल हाकीत तेल्याच्या घरी गेला. तेल्याने बैलांना ओळखले, सोनाराला मात्र ओळख दिली नाही. तरी बैल घरी आले, हे काही कमी नव्हे.

उरली तिसरी वस्तू. वेणुमतीने महालात विचारले, तेव्हा म्हातारी दाई पदर चाचपीत पुढे आली.

"वेणू, तू म्हणाली होतीस, बाबांच्या अंगावर चांगला शेला घाला. भांडाराच्या किल्ल्या तुझ्या कमरेला. तुला हलवायचं कुणी? सेवक विणकर आळीत गेले आणि एक शेला घेऊन आले."

"मागून आणला?"

"हिसकावून," दाई म्हणाली. "घरधनी विणकर आडवा आला, तो पुन्हा उठला नाही."

"आता कुठे आहे तो?"

"महाराजांबरोबर गेला. चितेवर."

वेणुमती लगेच निघाली. गेली ती एकटीच, रथ नाही, शिपाई नाही. विणकर आळीत भिवरा नावाची बाई राहत होती. तिने अडसर काढला तेव्हा तिच्या हातात काठी होती आणि मागे तिची लहान लेक उभी होती.

"माझ्या माणसांनी तुमचा शेला नेला," वेणुमती म्हणाली. "तुमच्या धन्यांना मारलं. शेला जळून गेला. परत द्यायला माझ्याजवळ काही नाही. मागाल ते गाव देते."

"शेला मी पुन्हा विणीन," भिवरा म्हणाली. "राणीसाहेब, तुम्ही महाराजांजवळ किती वेळ बसलात?"

"दिवस मावळेपर्यंत." वेणुमतीची मान वर होईना.

"मला तेवढं मिळालं नाही. ते या उंबऱ्यात पडले आणि पाठोपाठ दुसरे लुटायला आले. मी लेकीला उचलून पळाले. परतले तोवर आळीवाल्यांनी त्यांना नेलं होतं. तेव्हापासून काठी घेऊन बसते. रडायला बसलं की दाराकडे लक्ष राहत नाही."

वेणुमतीने तिच्या हातातली काठी घेतली आणि ती उंबऱ्यात उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली. "तुम्ही उठेपर्यंत या दारातून कुणी आत येणार नाही."

भिवराने नवऱ्याचे पागोटे खुंटीवरून काढले, छातीशी धरले आणि ती रडू लागली. ऊन डोक्यावर आले, कलले. राणी एकटी आहे, अंगावर दागिने आहेत, ही बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो? काठ्या-कुऱ्हाडी घेतलेले एक टोळके दारापुढे आले.

"नगारा मुका आहे," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "आम्हाला कुणाचे भय नाही."

"ठाऊक आहे," वेणुमती म्हणाली. "हळू बोला. आत बाई रडते आहे."

ते थबकले. आतले रडणे त्यांना ऐकू आले. त्यांच्यातल्या कुणाचा भाऊ त्या दिवशी गेला होता, कुणाचा बाप, आणि त्यांच्यासाठी रडायला कुणाला सवड झाली नव्हती. म्होरक्याने कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि तो तिथेच धुळीत बसला. मग बाकीचे बसले.

सांजावताना भिवरा बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते, पण चेहरा निवळला होता. तिने राणीच्या हातातली काठी काढून घेतली.

"आता तू बस, पोरी," ती म्हणाली. "दार मी धरते."

वेणुमती आत गेली. मागापाशी बसली आणि बापासाठी पोटभर रडली. भिवराची लेक तिच्या मांडीवर येऊन बसली आणि काही न विचारता तिचे डोळे पुसू लागली. तेव्हा साळुंकी अरण्यातून आली, बुरुजावर उतरली आणि नगाऱ्यात शिरली. कुणी हात लावला नव्हता, तरी नगारा वाजला. दिवे पेटले, हंड्यांत पाणी ठरले आणि गल्लोगल्ली लोक डोक्यावर परक्याच्या वस्तू घेऊन त्यांचे धनी शोधू लागले.

त्या राज्यात आता राजा वारला तरी नगाऱ्यावर वस्त्र टाकीत नाहीत. वारसाचे रडणे होईपर्यंत प्रधान हलक्या हाताने तो वाजवीत राहतात. आणि कुणाच्याही घरी माणूस गेले, मग ते घर राजाचे असो की विणकराचे, शेजारचा कुणी येऊन त्या दारात उभा राहतो. आतली माणसे आपणहून उठेपर्यंत तो तिथून हलत नाही.