हाताला काय लागतं

"मग मी खोटं बोलायला हवं होतं का, चाचा?"

गुलाबचाचा शिकलगार गच्चीवरच्या दोरीचे चिमटे काढत होते. त्यांनी आणखी एक चिमटा काढला.

केतकी मगदूमनं आवाज थोडा चढवला. "फोटोत पोत नव्हता, म्हणून नव्हता म्हटलं. घोंगडं घोंगड्यासारखं दिसायला नको?"

"दिसायला हवं," चाचा म्हणाले. "तुझं बरोबरच होतं."

बरोबर होतं हे तिला ठाऊकच होतं.

मिरजेत चाचांच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी हौशी फोटोवाले जमत. चाचांचा स्टुडिओ कधीच बंद झाला होता, शिकवणं मात्र सुटलं नव्हतं. प्रत्येकानं आपला एक फोटो दोरीला लावायचा, बाकीच्यांनी त्यावर मोकळेपणी बोलायचं, अशी तिथली रीत.

त्या सगळ्यांत केतकीची नजर तयार. कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची. उजेड कुठून येतो आणि कुठं मरतो, हे तिला चटकन कळायचं. दगडी पायऱ्यांच्या तिच्या फोटोला जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं. फोटो बघताना तळपायाला खडबडीत लागतं, असं लोक म्हणायचे. तिलाही तसंच वाटायचं. लोकांपेक्षा जरा जास्तच.

आणि मग, दोन रविवारांपूर्वी, बिराप्पा हाके आले. पोस्टातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, मुलानं दिलेला कॅमेरा गळ्यात. त्यांनी आपला पहिलावहिला फोटो दोरीला लावला. खाटेवर पसरलेलं काळं घोंगडं.

"पोत कुठाय यात?" केतकी म्हणाली होती. "हे घोंगडं आहे की ओतलेलं डांबर?"

सगळे हसले. हाकेही हसले. मग त्यांनी फोटो उतरवून पिशवीत घातला, सगळ्यांना हात जोडले आणि जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. आजही आले नव्हते.

चाचा आत गेले आणि केतकीचा तो बक्षिसाचा फोटो घेऊन आले. तिनंच मोठ्या प्रेमानं त्यांना दिलेला.

"डोळे मीट. हात फिरव."

तिनं डोळे मिटून फोटोवरून बोटं फिरवली.

"काय लागतंय?"

तिनं पुन्हा एकदा बोटं फिरवली.

"बोल की."

"गुळगुळीत."

"पायऱ्या कुठं गेल्या?"

केतकीनं डोळे उघडले. "कागद आहे तो, चाचा! कागदाला कसल्या पायऱ्या लागणार?"

"हाक्यांचा फोटो कसा लागेल?"

"तोही गुळगुळीतच."

"म्हणजे इथवर दोघं सारखेच..." चाचांनी फोटो हलकेच तिच्या हातातून घेतला. "त्या घोंगड्याला हात लावलायस कधी?"

"मी? मी कशाला लावेन?"

"जा. लावून ये."

"आणि त्यांना सांगू काय?"

चाचा पुन्हा चिमट्यांकडं वळले.

त्याच दुपारी ती गेली. पण रागानं गेली. पहिलं बक्षीस मिळवलेल्या माणसानं पहिलाच फोटो काढणाऱ्याच्या दारात जायचं, हे तिला वाटभर टोचत राहिलं. माफी मागायची नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. खरं बोलल्याची कसली माफी?

हाके अंगणात खुर्ची टाकून बसले होते. तिला पाहताच लगबगीनं उठले. "या या, मॅडम! बसा की. चा ठेवतो."

चहा आला. हाक्यांनीच विषय काढला. "तुमचं खरं हुतं बघा. सूनबाईबी म्हणली, मामा, ह्यात नुसता अंधार हाय. मग म्हणलं, जाऊ दे. आपल्याला नाही जमायचं ते."

कॅमेरा आत कपाटात गेला होता.

केतकीनं पाठ केलेलं सगळं बोलणं तयार होतं. समोरून फ्लॅश मारला की बारीक सावल्या मरतात, आणि पोत म्हणजे त्या सावल्याच. एका दमात सांगून ती मोकळी झाली असती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आबा, ते घोंगडं मला दाखवाल?"

हाक्यांनी आतून घोंगडं आणून तिच्या मांडीवर ठेवलं. जड होतं. तिनं हात फिरवला आणि पटकन मागं घेतला. बोटात काहीतरी रुतलं होतं.

हाके खळखळून हसले. "कुसळ हाय ते! आमची मेंढरं जतकडच्या माळावर चरायची. लोकरीत कुसळं घुसायची. आई सूत काताय बसली की वेचून वेचून काढायची, तरी राहायचीच. ती जाऊन किती वर्सं झाली... अजून निघत्यात बघा."

केतकी बोटाकडं पाहत राहिली.

"तुम्हाला हेच दाखवायचं होतं? फोटोत?"

"व्हय की. पण ते कुठं दिसतंय कॅमेऱ्याला?"

"दिसतं, आबा. कॅमेरा काढा."

ऊन कलायला लागलं होतं. तिनं हाक्यांना खाट दाराशी ओढायला सांगितली आणि घोंगडं हातांनी थोडं चुरगळून टाकलं. "फ्लॅश बंद. आता उजेड कुठल्या अंगानं येतोय बघा. घाई नको. टोचेल असं दिसलं की मगच दाबा."

पहिला फोटो हलला. पुढचा काळाकुट्ट आला. केतकीचे हात शिवशिवत होते. कॅमेरा तिच्या हाती असता तर एका क्षणात काम झालं असतं. तिनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधले.

"इथं काय दिसतंय?" ती विचारायची. कधी म्हणायची, "ही कड छान आलीय. आता थोडं खाली बसून बघा." हाके गुडघे धरत खाली बसायचे, श्वास रोखायचे, दाबायचे. ऊन उंबऱ्यावर टेकलं तरी दोघं तिथंच होते.

रविवारी दोरीवर घोंगडं लागलं.

काळ्या लोकरीचा धागा न् धागा उठला होता. मधोमध एक कुसळ, पिवळं, ताठ, शेजारी आपली बारीक सावली घेऊन उभं. एका बाईंनी नकळत बोट पुढं केलं आणि टोचल्यासारखं मागं घेतलं.

"ह्या मॅडमनी दाखवलं," हाके म्हणाले.

"मी फक्त खाट हलवायला लावली," केतकी म्हणाली. "फोटो आबांचा आहे."

त्या दिवशी तिनं स्वतःचा फोटो आणलाच नव्हता. तरी फोटोभोवतीच्या गर्दीला ती पुन्हापुन्हा वाट करून देत होती, मागच्यांना पुढं बोलावत होती, जणू घरचं कार्य होतं.

सगळे पांगल्यावर ती चाचांजवळ आली. जरा ओशाळून, हळू आवाजात म्हणाली, "चाचा, बक्षीस मिळालं तेव्हाही एवढी फुगली नव्हती छाती. यात माझं काहीच नाही, आणि तरी... हा अहंकारच ना?"

चाचांनी तिच्याकडं पाहिलं.

"फुगू दे, बेटी. बक्षिसाच्या वेळी नुसती हवा होती. आज आत हवा नाही."